घागरीवरचं नाव

आमच्या घरात तांब्याची एक घागर आहे. तिच्या गळ्याखाली ठोक्यांनी उठवलेल्या अक्षरांत एका मुलीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, गाव आणि ‘वैशाख शके १८५२’ एवढा मजकूर आहे. कित्येक वर्षं आम्हाला वाटायचं, कुणाकडून तरी जुनी घागर विकत घेतलेली असावी. नव्वदीला टेकलेली वडिलांची आत्या एकदा राहायला आली, तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “अरे, ही वैनीची लग्नातली. हे तिचं माहेरचं नाव.”

वैनी म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. वडील चार वर्षांचे असताना ती गेली. फोटो नाही, पत्र नाही, एखादं लुगडंसुद्धा उरलेलं नाही. लग्नात नाव बदललं, त्यामुळे तिचं जन्मनाव तिच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. घरात सात पिढ्यांची वंशावळ लिहिलेली आहे, पण ती बापाकडून मुलाकडे उतरत जाते. आजीची जागा रिकामी आहे असंही म्हणता येत नाही, कारण त्या कागदावर तिला जागाच आखलेली नाही.

नाव मिळालं, गाव मिळालं, तेव्हा मी तिच्या माहेरच्या तालुक्यातल्या वाचनालयात गेले. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या जुन्या फायली तिथं होत्या. वर्षवार बांधलेल्या, कडा झडलेल्या, पान उलटताना हातात तुकडे येणाऱ्या. चार शनिवार बसले. चौथ्या शनिवारी, १९२६ सालच्या एका अंकात, कापसाच्या भावाखाली कन्याशाळेच्या बक्षीस समारंभाची बातमी सापडली. मामलेदारांच्या पत्नीच्या हस्ते बक्षिसं दिली गेली होती. चौथ्या इयत्तेत पहिल्या आलेल्या मुलीनं पद म्हटलं आणि तिचा आवाज सगळ्यांना आवडला, असं बातमीदारानं लिहिलं होतं. पुढे तिचं नाव आणि वडिलांचं नाव. घागरीवरचंच.

मोबाईलवर काढलेला त्या पानाचा फोटो वडिलांना दाखवला तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. स्वतःच्या आईबद्दल त्यांना कळलेली ती पहिली गोष्ट. ती गायची.

तो अंक वाळवीनं खाल्ला असता, किंवा एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत ती फाईल रद्दीत गेली असती, तर हे कधीच कळलं नसतं. आपली आई गायची हे एखाद्या माणसाला कळणं इतक्या बारीक धाग्यावर लोंबकळत राहू नये. म्हणून माझी मागणी आहे: जिल्ह्या-तालुक्यांतली जुनी मराठी वृत्तपत्रं सरकारी खर्चानं स्कॅन व्हावीत, त्यांतला मजकूर शब्द टाकून शोधता यावा आणि तो कुणालाही फुकट वाचता यावा. आणि सुरुवात छोट्या पत्रांपासून व्हावी. मोठ्यांना वाली आहेत.

घराण्याच्या नोंदी ठेवण्याच्या आपल्या रीती जुन्या आहेत हे मला माहीत आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे हेळवी दारात येऊन कुळाच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले, त्यांमागे कुणा एका निवृत्त माणसाची दहा-दहा वर्षांची पायपीट आहे. गावच्या कोतवालाकडे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक असे. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण कुलवृत्तांत छापायला चार शिकलेली माणसं आणि पैसा लागतो, शिवाय आपलं ‘घराणं’ आहे ही जाणीव लागते. म्हणून ते बरेचसे कोकणस्थ ब्राह्मण घराण्यांचे निघाले. वहीत जो तीर्थाला जाऊ शकला तो आला. ज्यांना १९३० साली काळाराम मंदिरात प्रवेशासाठी नाशकातच सत्याग्रह करावा लागला, त्या सगळ्यांच्या पिढ्या तिथल्या वह्यांत मिळतील अशी अपेक्षा कशी धरायची? आणि बायका तर या साऱ्या नोंदींत कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बायको एवढ्यापुरत्याच येतात.

मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरून २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गावोगावच्या लोकांच्या तोंडी कोतवाल बुक, खासरा पाहणी, मोडी वाचणारा माणूस हे शब्द आले. त्या प्रश्नावर कुणाचं मत काहीही असो, एक गोष्ट उघडी पडली. पणजोबांचा एक साधा उल्लेख असलेला कागद शोधायचा तर सामान्य घराला तहसीलच्या दफ्तरापलीकडे दुसरी वाट ठाऊक नाही. तिथला जुना कागद मोडीत असतो. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून गेली, त्यामुळे स्वतःच्याच घराची नोंद दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. वृत्तपत्रं मात्र बाळबोध, म्हणजे देवनागरी टायपात छापलेली आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा अंक आठवीतली मुलगी वाचू शकते. हा फरक फार मोठा आहे आणि आपण त्याचा काहीच उपयोग केलेला नाही.

स्थानिक पत्रात असतं तरी काय? पहिल्या पानावरचे अग्रलेख मी बाजूला ठेवते, ते इतिहासकारांनी वाचलेले आहेत. घराचा शोध घेणाऱ्यानं तिसऱ्या-चौथ्या पानावर जावं. तिथं कोर्टाच्या नोटिसा असतात: अमुक मयताचे वारस अमुक, तमुक गावी राहणार, सर्व्हे नंबर अमुक, हजर व्हावं. एका नोटिशीत तीन भावांची नावं, त्यांची वयं, विधवा आईचं नाव आणि शेताच्या चतुःसीमा मिळतात. शेजारच्या शेतकऱ्यांचीही नावं मिळतात, म्हणजे एका घराच्या शोधात आणखी चार घरांचा माग लागतो. लिलावाच्या जाहिराती असतात, त्यांतून कर्जात कोण बुडालं ते कळतं. ‘माझी बायको घर सोडून गेली आहे, तिच्याशी कुणी व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही’ अशा नोटिसा असतात. त्या वाचताना मला नेहमी त्या बाईची बाजू ऐकावीशी वाटते, पण ती छापलेली नसते. परीक्षांचे निकाल असतात. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, पास झालेला मुलगा ही त्या काळी गावाची बातमी होती. बदलून आलेले मास्तर, पोस्टमास्तर, फौजदार असतात. कुस्तीच्या फडांचे निकाल असतात. पाटीलकीचे वाद, विहिरीत पडून झालेले मृत्यू, सर्पदंश, हरवलेला बैल आणि त्याच्या शिंगांचं वर्णन, हेही असतं.

वर्गणीची पोच हा तर खजिनाच. शाळेसाठी, दुष्काळ फंडासाठी, परिषदेसाठी कुणी किती दिले ते नावानिशी छापायची रीत होती. चार आणे देणाऱ्याचं नावही छापलं जाई. सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळीतल्या पत्रांकडे या नजरेनं पाहायला हवं. ‘दीनबंधू’, ‘दीनमित्र’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही पत्रं आपण विचारांसाठी वाचतो आणि ते योग्यच आहे. पण सभेचं वृत्त, ठराव मांडणारा आणि त्याला अनुमोदन देणारा, गावोगावचे प्रतिनिधी, पत्र लिहिणारा वाचक अशी नावांची भलीमोठी रांग त्यांत उभी आहे. ज्या घरात लिहिलेला एकही कागद नव्हता, त्या घरातल्या माणसाचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते अशा ठिकाणी. त्याच्या नातवाला ते आज दिसायला नको का?

आणि आपत्ती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बहुतेक जण सणासाठी घरी निघालेली कोकणातली साधी माणसं होती. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि देशाच्या आठवणीत ती बोट झाकली गेली. ज्या घरातला माणूस त्या बोटीवर होता, त्या घरानं आज माहिती शोधायची ठरवलं तर मुंबईच्या इंग्रजी दैनिकात त्याला आकडा मिळेल. कुठल्या वाडीतलं कोण गेलं, कोण पोहत किनाऱ्याला लागलं, हे लिहिलेलं असलंच तर कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या छोट्या पत्रांत असणार. ती पत्रं एका जागी, एका शोधात मिळायला हवीत.

इथं एक तुलना मला फार टोचते. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे अंक केव्हाच शोधण्याजोगे झाले आहेत, जगभरातली विद्यापीठं पैसे मोजून ते वापरतात. इंग्लंडमध्ये ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ नावाची संस्था आहे. तिच्या सभासदांनी हिंदुस्थानातल्या जुन्या इंग्रजी पत्रांतल्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी स्वतः बसून उतरवून काढल्या आणि आपल्या संकेतस्थळावर ठेवल्या. म्हणजे १८७० साली पुण्याच्या लष्कर भागात जन्मलेल्या गोऱ्या शिपायाच्या बाळाचा माग त्याचा पणतू घरबसल्या काढू शकतो. त्याच आठवड्यात कसबा पेठेत जन्मलेल्या बाळाचा पणतू मात्र काढू शकत नाही. त्या लोकांनी आपल्या पूर्वजांसाठी मेहनत घेतली, त्याबद्दल मला त्यांचं कौतुकच आहे. आपण घेतली नाही हे माझं दुखणं आहे.

मॉरिशसच्या मराठी माणसांचंही असंच. एकोणिसाव्या शतकात करार करून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांची नोंदवही मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहे. तिथून कुणी रत्नागिरीतलं गाव शोधत इथं आला, तर त्याच्या हातात नाव, बापाचं नाव, जात आणि जहाज असं सगळं असतं. जो भाऊ गावातच राहिला, त्याच्या वंशजाच्या हातात मात्र काहीच नसतं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरांतले लोक इस्राएलमधून येऊन आडनावातलं ‘कर’च्या आधीचं गाव शोधतात. त्यांच्या समाजानं मुंबईत मराठी नियतकालिकं चालवली होती. तीही याच शोधाचा भाग आहेत.

आता मराठी पत्रांची स्थिती पाहू. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, म्हणून त्या दिवशी आपण पत्रकार दिन पाळतो. त्यानंतर अहमदनगरला १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं, पुण्यात १८४९ मध्ये ‘ज्ञानप्रकाश’. पुढच्या काही दशकांत ठाण्याला ‘अरुणोदय’, साताऱ्याला ‘शुभसूचक’, सोलापूरला ‘कल्पतरू’, बेळगावला ‘बेळगाव समाचार’ अशी गावोगाव पत्रं उभी राहिली. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलेला ‘दीनमित्र’ नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून अर्धशतकाहून अधिक काळ चालवला. खेड्यात छापखाना आणून. ‘ज्ञानोदय’ तर नगरच्या परिसरातल्या ख्रिस्ती घरांसाठी जवळजवळ कुटुंबाची वहीच आहे. यांतली जी पत्रं थोर संपादकांची, ती संशोधकांनी आणि संस्थांनी काही प्रमाणात वाचवली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा जुने ग्रंथ आणि पत्रं स्कॅन करण्याचा ‘ग्रंथसंजीवनी’ प्रकल्प आहे, पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयानं जुनी गोमंतकीय पत्रं स्कॅन करण्याचं काम केलं आहे. ही कामं मोलाची आहेत. पण ज्या पत्राचा संपादक इतिहासात गेला नाही, ज्यानं तालुक्याच्या गावी पायानं चालवायच्या यंत्रावर तीस वर्षं चार पानं छापली, त्याच्या फायली कुठं आहेत? त्याच्या नातवाच्या माळ्यावर. घर विकायला काढलं की पहिला गठ्ठा त्यांचाच उचलला जातो.

इंग्रज सरकारनं १८६८ पासून देशी पत्रांतल्या मजकुराचे साप्ताहिक अहवाल करून घेतले. ते आज इतिहासाचं मोठं साधन मानले जातात. पण सरकारी भाषांतरकारानं टिपलं ते सरकारला भीती वाटेल तेवढंच. कन्याशाळेत गाणाऱ्या मुलीची भीती कुणाला वाटणार? म्हणून ती त्यात नाही. मूळ अंक गेला की ती कायमची जाते.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ २००९ पासून चालू आहे. खेड्यापाड्यांतली जुनी पत्रं त्यात आहेत आणि ती वाचायला पैसे पडत नाहीत. यंत्रानं वाचलेला मजकूर चुकलेला दिसला तर वाचक स्वतः दुरुस्त करू शकतो. हजारो माणसं रोज संध्याकाळी ओळी सुधारत बसतात. त्यांतले पुष्कळ जण आपल्याच घराचा शोध घेणारे. मधल्या काळात पैशांअभावी ते बंद पडायची वेळ आली तेव्हा लोकांनी आवाज उठवला, आणि एप्रिल २०२३ मध्ये सरकारनं चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख डॉलर मंजूर केले. लोकांनी स्वतःच्या हातांनी घडवलेली वस्तू होती ती, म्हणून तिच्यासाठी ते भांडले. न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ही फुकट आहे. ब्रिटनमध्ये २०११ साली ब्रिटिश लायब्ररीनं खासगी कंपनीबरोबर वृत्तपत्रांचा संग्रह उभा केला. तो उत्तम आहे, पण तो मुख्यतः वर्गणी भरून वापरायचा. आपण ही दुसरी वाट धरू नये. चिपळूणच्या रिक्षावाल्याला आजोबांचं नाव शोधायला महिन्याला हजार रुपये मोजावे लागले तर तो शोधणार नाही, आणि जो शोधणार नाही त्याच्याच घराला या पत्रांची खरी गरज आहे.

मराठीपुढच्या अडचणी वेगळ्या आहेत. नुसतं स्कॅन करून चित्रं टाकली की काम झालं असं समजू नये. मी चार शनिवार बसले ते एका वर्षाच्या फायलीसाठी. शंभर वर्षांच्या फायली कोण चाळणार? शब्द टाकून शोध घेता आला पाहिजे. इथं झिजलेला टाइप आडवा येतो. यंत्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळतं. धोंडूचा घोंडू होतो आणि कायमचा हरवतो. मग जुनं शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनी जे अनुस्वार गेले ते सगळे जुन्या पत्रांत आहेत: नांव, गांव, कांहीं, पुणें. ‘गाव’ टाकून शोधलं तर ‘गांव’ सापडणार नाही, शोधयंत्राला ते शिकवावं लागेल. तारखा शकात आणि तिथीत, त्यांत अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढायचं. त्यातही पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथ्यांना बहुधा एक वर्ष आणखी.

नावांचं तर विचारूच नका. खेड्यात आडनाव लिहायची सवय उशिरा आली. नोटिशीत ‘राघू बिन सखाराम’ असतो, म्हणजे सखारामाचा मुलगा राघू. ‘साळू कोम राघू’ असते, म्हणजे राघूची बायको साळू. कुठे ‘बिन’ऐवजी ‘वलद’ असतं. शहरातला सभ्य गृहस्थ ‘रा. रा.’ असतो, वारलेला ‘कै.’, विधवा ‘गं. भा.’, आणि सवाष्ण बाई पुष्कळदा नुसती नवऱ्याच्या नावापुढची ‘सौ.’. लग्नात नाव बदललेल्या बाईला शोधायचं तर दोन नावांनी शोधावं लागतं, आणि पहिलं नाव कळायला घरात एखादी घागर असावी लागते. ही सगळी माहिती संगणकाच्या माणसाकडे नसते. ती निवृत्त शिक्षकांकडे आहे, तलाठ्यांकडे आहे, जुन्या वकिलांच्या कारकुनांकडे आहे, आणि आज्यांकडे आहे. ओळी दुरुस्त करायचं काम अशांच्या हाती दिलं तर ते आनंदानं करतील. मराठी माणसाला शुद्धलेखन सुधारायला आवडतं हे मी खात्रीनं सांगते.

हा खर्च कशाला, असं विचारणारे आहेत. शाळांना छपरं नाहीत आणि तुम्ही आजोबांच्या बातम्या शोधत बसणार? हा प्रश्न मी उडवून लावत नाही. पण जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे. त्याआधीच्या काळातलं स्वतःचं कूळ, वास्तव्य, जात, वारसा सिद्ध करायला सांगायचं, अनुसूचित जातींना १९५० च्या आणि भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा पुरावा मागायचा, आणि तो पुरावा ज्या कागदांत असू शकतो ते कागद मात्र कुजू द्यायचे, हे न्यायाचं नाही. पुराव्याची मागणी सरकार करतं, तर पुराव्याची राखणही सरकारनंच करायला हवी.

दुसरी शंका अधिक खोल आहे आणि मला ती बरेच दिवस छळत होती. जुन्या पत्रांत सगळंच निर्मळ नाही. १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्याबद्दल त्या काळची पत्रं पोलिसांच्याच भाषेत लिहीत. पारधी, कैकाडी घरांतल्या माणसांची नावं चोरीच्या संशयाखाली छापली गेली. पुढे ते निर्दोष सुटले तर ती बातमी आली नाही. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यानं पुसला, पण छापलेलं पान पुसलं गेलेलं नाही. ते पान आता एका बोटासरशी जगाला दिसू लागलं तर त्या नातवंडांचं काय? शिवाय सोडून दिलेल्या बायका, अनौरस मुलं, आत्महत्या. घरांनी जे झाकलं ते आपण उघडायचं का?

पानं गाळू नयेत, असं माझं मत झालं आहे. गाळायला बसलं की कुणाचं पान गाळायचं हे पुन्हा तेच लोक ठरवतात ज्यांनी ते लिहिलं होतं. पण अशा बातमीशेजारी ती कुठल्या कायद्याच्या काळात लिहिली गेली हे सांगणारी टीप असावी, आणि त्या कुटुंबाला स्वतःचं म्हणणं जोडण्याची सोय असावी. साठ वर्षांच्या आतले अंक नावानं शोधता येऊ नयेत. ती मर्यादा कायद्याशीही जुळते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार निनावी मजकुरावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, आणि तालुक्याच्या पत्रातला बहुतेक मजकूर निनावीच असे. म्हणजे १९६० पर्यंतचे अंक खुले करायला कायद्याची फारशी आडकाठी नाही.

आणि वाचणाऱ्यानंही सावध राहावं. बातमीदार ऐकीव लिहायचा, वयं अंदाजानं टाकायचा, आडनाव चुकवायचा. एका नावाची दोन माणसं शेजारच्या दोन गावांत असायची. मी घागरीवरचं वडिलांचं नाव आणि गाव जुळेपर्यंत विश्वास ठेवला नाही. पत्रात सापडलं म्हणजे खरं, असं नव्हे. दुसऱ्या कागदाची साथ हवी.

काम सुरू कुठून करायचं? स्कॅनर घेण्याच्या आधी यादी. कुठल्या पत्राचे कुठले अंक कुणाकडे आहेत, एवढंच. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा १९५६ पासून वृत्तपत्रांनाही लागू झाला आणि त्यामुळे मुंबईसह चार ग्रंथालयांकडे अंक पाठवणं बंधनकारक झालं. पण त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या पत्रांना त्या कायद्याचा आधार नाही. ती विखुरलेली आहेत: वाचनालयांत, वकिलांच्या बार रूममध्ये, मठांत, चर्चमध्ये, छापखान्यांच्या मागच्या खोल्यांत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयं अनुदान घेतात. प्रत्येकाकडून एका पानाचा तक्ता मागवता येईल: पत्राचं नाव, साल, किती अंक, कागदाची अवस्था. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक परिपत्रक लागतं आणि ते आलं की कपाट उघडून बघणारा एक माणूस लागतो. ही यादी झाली की कुठली फाईल एकुलती एक आहे हे कळेल, आणि त्या आधी वाचवता येतील. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या घरांचे कागद एका दुपारीत गेले. एकच प्रत असणं म्हणजे काय, हे त्या घरांना विचारावं.

माझ्या शोधापुरतं सांगायचं तर मला १९४१ सालची फाईल हवी आहे. आजी त्या वर्षी गेली. तिच्या माहेरच्या माणसांनी निधनाचं वृत्त दिलं असेल तर ते त्याच साप्ताहिकात असणार. त्यात कदाचित तिचा आजार असेल, कदाचित तिच्यामागे राहिलेल्या मुलाचं नाव असेल. वाचनालयातल्या कपाटात १९४० च्या फायलीशेजारी १९४२ ची उभी आहे. मधला गठ्ठा कधी गेला ते ग्रंथपालांना सांगता आलं नाही. शेजारच्या तालुक्यांतल्या तीन वाचनालयांना मी पत्रं लिहिली आहेत. वडील आता फोनवर आधी तेच विचारतात.